नद्यांचा क्रम आणि 'डॉट'चा हट्ट

प्रश्न : भूगोलाच्या तक्त्यासाठी ग्राफविझच्या (लिहिलेल्या मजकुरातून आकृती काढणारे सॉफ्टवेअर) 'डॉट' या मांडणीत तापीच्या डाव्या काठाच्या उपनद्या मांडल्या. पूर्णा, वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा, बुराई असा वरच्या अंगाकडून क्रम हवा. पण खाली जिल्हे जोडले (पूर्णा आणि वाघूरला जळगाव, गिरणेला नाशिक व जळगाव, बोरीला धुळे व जळगाव) की गिरणा उडी मारून पूर्णेच्याही आधी जाते. रेषांचे वेट (वजन) वाढवूनही फरक नाही.
– एक शिक्षिका, अमळनेर

उत्तर : डॉट आधी कोण कोणत्या थरात बसणार ते ठरवते आणि मग थरातला क्रम रेषा कमीत कमी छेदतील असा लावते. तुमच्या फाइलमधला क्रम ही त्याच्यासाठी नुसती सुरुवात. तुमच्या क्रमात नाशिक कुठेही ठेवा, एक तरी छेद राहतोच. गिरणा टोकाला नेली की एकही नाही. म्हणून ती जाते. वेटने रेषा आखूड आणि सरळ होतात, क्रम बांधला जात नाही.

फक्त 'तापी' या नोडला (आकृतीतल्या चौकटीला) ऑर्डरिंग = आउट द्या आणि तिच्या सहा रेषा हव्या त्या क्रमाने लिहा. हेच सगळ्या ग्राफला लावलेत तर गिरणा-बोरीच्या जिल्ह्यांकडच्या रेषाही बांधल्या जातील आणि गुंता वाढेल. बाण उपनदीकडून तापीकडे दिसायला हवा ना? तरीही रेषा तापीकडूनच लिहा, तिला डिर = बॅक (बाण उलटा) द्या.

एवढ्याने भागले नाही तर रँक = सेम (सगळे एकाच थरात) असलेल्या महिरपी कंसात पूर्णेपासून बुराईपर्यंत साखळी ओढा आणि तिची स्टाइल 'इनव्हिस' (अदृश्य) ठेवा. साखळी कंसाबाहेर गेली की प्रत्येक नदी एकेक थर खाली उतरते, जिनाच होतो. आणि 'इनव्हिस' सगळ्या रेषांसाठी म्हणून फाइलच्या सुरुवातीला लिहू नका. पुढच्या साऱ्या रेषा गायब होतात. तो एक छेद मात्र राहणार. राहू द्या, भूगोल खरा आहे.

प्रश्न : जळगाव जिल्ह्याच्या १५ तालुक्यांच्या चौकटी, रेषा नाहीत. माझ्या क्रमाने ५-५ च्या तीन ओळी हव्यात.
– एक वाचक, चोपडा

उत्तर : इथे डॉट नको, ग्राफविझचीच दुसरी मांडणी 'ऑसेज' वापरा. पॅकमोडला (चौकटी कशा रचायच्या ते सांगणारी सूचना) 'अ‍ॅरे', अंडरस्कोर, 'यू' आणि ५ असे जोडून द्या : 'यू' म्हणजे क्रम तुमचा, ५ म्हणजे स्तंभ. मग प्रत्येक तालुक्याला सॉर्टव्ही, म्हणजे क्रमाचा आकडा, द्या. लहान आकडा आधी बसतो. पूर्णांकच चालतो, म्हणून १, २, ३ ऐवजी १०, २०, ३० द्या. मध्ये एखादी चौकट घालायची झाली तर जागा राहते.

आकडे फाइलमध्ये इंग्रजीच टाइप करा. देवनागरी '१०' लिहिलेत तर चूक दाखवली जात नाही, किंमत गुपचूप शून्य धरली जाते आणि सगळ्या तालुक्यांचा आकडा सारखाच ठरतो. तालुक्यांची नावे मात्र देवनागरीत खुशाल लिहा, अवतरणचिन्हांत, आणि फाइल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा.