तेल दाट, तरी घनता कमी कशी?

पारोळ्याच्या एका ताईंनी विचारलंय: ‘मुलाच्या विज्ञानात आकारमान म्हणतात, गणितात घनफळ. दोन्ही एकच ना? आणि घनता म्हणजे दाटपणा, तर तेल पाण्याहून दाट असून त्याची घनता कमी कशी?’

ताई, हा सगळा घोळ ‘घन’नं घातलाय. घनफळातला घन लांबी, रुंदी, उंची अशा तिन्ही अंगांचा. घनमूळ, घनसेंटिमीटर यांतलाही तोच. घनतेतला घन म्हणजे ठासून भरलेला. (लोहाराचा घणही याच घराण्यातला.) आकारमान आणि घनफळ एकच, पण घनतेच्या सूत्रात दोन घन नकोत, म्हणून मला आकारमानच बरं वाटतं.

‘दाट’ मात्र सोडा. तेल हळू ओघळतं म्हणून आपण त्याला दाट म्हणतो. तो चिकटपणा झाला. घनता एवढंच सांगते, की एका लिटरच्या मापात किती किलो माल मावतो. शेवभाजीचा रस्सा कितीही घट्ट करा, तेलाची घनता कमी म्हणून तर्री वरच येते की नाही?

मुलाला तेलाचा डबा दाखवा. दुकानात ‘पंधराचा डबा’ म्हणतात, पण पंधरा काय? किलो की लिटर? घनता = वस्तुमान ÷ आकारमान. दोन्ही बाजूंना आकारमानानं गुणलं की वस्तुमान = घनता × आकारमान. शेंगदाणा तेलाची घनता लिटरला साधारण 0.91 किलो. म्हणजे 15 लिटरच्या डब्यात 0.91 × 15 = 13.65 किलो तेल. पंधरा किलोच्या भावाशी तुलना करताना हा सव्वा किलोहून जास्तीचा फरक धरायलाच हवा.

वस्तुमानाला व्यवहारात आपण वजनच म्हणतो. तराजूपाशी ते चालतं, परीक्षेत नाही.

वस्तुमान आणि आकारमान, दोन्ही शब्दांतलं ‘मान’ म्हणजे माप. ‘मवणे’ (मापणे) हे जुनं मराठी क्रियापदही त्याच धातूचं, आणि ते आपल्या खानदेशातच दगडावर कोरलेलं आहे. चाळीसगावजवळच्या पाटणला भास्कराचार्यांच्या नातवानं, चांगदेवानं, आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला. तिथला शिलालेख 1207च्या सुमाराचा. त्याच्या मराठी भागात इथं जे मवायचं ते मठाच्या मापानं मवावं असं म्हटलंय. घाण्यामागं मठाला तेलही ठरवून दिलंय, पळीच्या हिशेबानं. म्हणजे आकारमानानंच.