मावशीचं ऑपरेशन, आईचं ऑपरेशन

या महिन्याच्या पत्रांत एक वाक्य पुन्हा पुन्हा भेटलं : ‘आमच्याकडे पूर्वी कॅन्सर झाला होता, तेव्हा असं नव्हतं.’ घरातली जुनी आठवण नव्या उपचाराची पारख करायला बसते. आठवण खरी असते, पण उपचार तिथून बरेच पुढे आलेले असतात. म्हणून या वेळी तशीच पत्रं निवडली आहेत.

प्रश्न : 1984 साली माझ्या मावशीचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. स्तन, छातीचे स्नायू, काखेतल्या गाठी (पाणी गाळणाऱ्या लसीका ग्रंथी), सगळं काढलं. हात शेवटपर्यंत सुजलेला राहिला. आता आईला (वय 61) दोन सेंटिमीटरची गाठ निघाली आहे. डॉक्टर म्हणतात, फक्त गाठ काढू आणि शेक (रेडिएशन) देऊ. वय झालं म्हणून कमी उपचार करताहेत का? (सांगली)

नाही. आईला मिळतोय तो पूर्ण उपचार आहे.

मावशीचं ऑपरेशन अमेरिकेतल्या विल्यम हॉल्स्टेड या सर्जननं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ केलं. कॅन्सर गाठीपासून हळूहळू बाहेर सरकतो, म्हणून जितकं लांबपर्यंत कापाल तितकं बरं, असा त्यामागचा विचार होता. ऐकायला पटतं, म्हणूनच तो पाऊणशे वर्षं टिकला. पिट्सबर्गच्या बर्नार्ड फिशर यांना तो पटेना. कॅन्सरच्या पेशी रक्तात लवकरच शिरू शकतात, मग स्नायू काढून काय साधणार, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांनी आणि मिलानच्या उंबेर्तो व्हेरोनेसी यांनी 1970 च्या दशकात स्त्रियांचे गट करून स्तन काढणं आणि फक्त गाठ काढणं या दोन्ही पद्धतींची तुलना सुरू केली. सर्जन मंडळींचा रोष पत्करून ते त्यावर ठाम राहिले. दोघांचे वीस वर्षांचे निष्कर्ष 2002 मध्ये आले : स्तन काढलेल्या आणि फक्त गाठ काढलेल्या स्त्रिया सारख्याच प्रमाणात जगल्या.

पण एक गोष्ट आईला आवर्जून सांगा. फिशर यांच्या अभ्यासात फक्त गाठ काढून शेक न दिलेल्या स्त्रियांपैकी 39 टक्के जणींना त्याच स्तनात पुन्हा कॅन्सर झाला. शेक दिलेल्यांत हे प्रमाण 14 टक्के होतं. म्हणजे शेक हा ऑपरेशनचाच उरलेला अर्धा भाग आहे. ‘टाके भरले, आता कशाला जायचं’ असं म्हणून तो सोडणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. फार वाईट वाटतं. पूर्वी पाच आठवडे रोज खेपा असत, आता बहुतेकींचं तीन आठवड्यांत भागतं.

मावशीचा हात सुजला, कारण काखेतल्या गाठी सरसकट काढल्या की हातातलं पाणी वाहून जायची वाट बंद होते. आता काख हाताला स्वच्छ लागली, तर निळा रंग किंवा किरणोत्सारी द्रव टोचून पहिल्या एक-दोन गाठी शोधतात आणि तेवढ्याच तपासतात. त्या स्वच्छ निघाल्या तर बाकीच्यांना हात लावत नाहीत. ही सोय तिथे आहे का, हे नक्की विचारा. स्तनात वेगवेगळ्या ठिकाणी गाठी असतील किंवा शेक देता येणार नसेल, तर मात्र आजही अनेकदा स्तन काढावा लागतो. आईच्या बाबतीत तसं काही नाही ना, हेही विचारून घ्या.

जाता जाता एक आपल्याकडची गोष्ट. परळच्या टाटा रुग्णालयाच्या डॉ. राजेंद्र बडवे यांच्या गटानं देशातल्या अकरा केंद्रांत सुमारे 1,600 स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांतल्या निम्म्या जणींना कापण्याआधी सात ते दहा मिनिटं गाठीभोवती भूल देण्याचं साधं औषध, लिग्नोकेन, टोचलं. पाच वर्षांनी जिवंत असलेल्यांचं प्रमाण 86.4 टक्क्यांवरून 90.1 टक्क्यांवर गेलं. औषध अगदी स्वस्त, कुठल्याही ऑपरेशन थिएटरात असतंच. हा निष्कर्ष 2023 मध्ये छापून आला. तालुक्याच्या सर्जनपर्यंत तो पोचावा, असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न : आजोबांना केमोच्या वेळी आठ-आठ दिवस उलट्या व्हायच्या. माझ्या बहिणीला सकाळी केमो देऊन संध्याकाळी घरी पाठवतात आणि ती जेवतेसुद्धा. औषध सौम्य दिलं जातंय का? (नाशिक)

औषध सौम्य नाही, उलटी थांबवणारं औषध चांगलं आहे. 1990 च्या सुमारास ऑन्डॅनसेट्रॉन आलं, पुढे त्याच्या जोडीला आणखी औषधं आली. त्याआधी उलट्यांना घाबरून लोक केमो अर्धवट सोडत. उलटीवरून केमोची ताकद मोजू नका. बहीण जेवते, याचा आनंद माना. मात्र ताप 100.4 च्या वर गेला तर रात्र असली तरी रुग्णालय गाठा. केमोनं पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असताना ‘सकाळी बघू’ म्हणणं जिवावर बेतू शकतं.

प्रश्न : भावाला (वय 38) सीएमएल हा रक्ताचा कॅन्सर आहे. डॉक्टरांनी रोज एक गोळी दिली आहे, बस्स. केमो नाही, बोनमॅरो नाही. आम्हाला धीर येत नाही. (लातूर)

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. अविश्वास समजतो, कारण कॅन्सर आणि एक गोळी हे मनाला जुळत नाही.

सीएमएलमध्ये 9 आणि 22 या दोन गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होतात. त्या जोडातून तयार होणारं प्रथिन पेशींना ‘वाढा, वाढा’ असा हुकूम देत राहतं. 22 व्या गुणसूत्राचं हे विचित्र रूप फिलाडेल्फियात 1960 मध्ये दिसलं, अदलाबदल जॅनेट राउली यांनी 1973 मध्ये ओळखली आणि त्या प्रथिनालाच टाळं लावणारी गोळी, इमॅटिनिब, 2001 मध्ये बाजारात आली. एवढी चाळीस वर्षं त्या गोळीमागे आहेत. सुरुवातीलाच ती घेतलेल्या रुग्णांपैकी सुमारे 83 टक्के दहा वर्षांनंतर हयात होते. त्याआधी बोनमॅरो बदलणं हाच बरं होण्याचा मार्ग मानला जाई, आणि तो मोजक्यांनाच परवडे.

किमतीचीही गोष्ट आहे. मूळ कंपनीचं औषध महिन्याला लाखाच्या वर जाई. आपल्या कंपन्यांची तीच गोळी त्याच्या दहाव्या हिश्शात मिळे. सर्वोच्च न्यायालयानं 1 एप्रिल 2013 रोजी पेटंट नाकारलं आणि ही वाट उघडी राहिली.

धोका एकच : बरं वाटलं की गोळी चुकवणं. पेरणी, लग्न, प्रवास, काहीही असो, गोळी जेवणाबरोबर रोज गेलीच पाहिजे. डॉक्टरांनी सांगितलेली बीसीआर-एबीएलची (त्याच गुणसूत्रांच्या जोडाची) रक्ततपासणी ठरल्या महिन्याला करा. रोग दबला आहे का, ते तीच सांगते.

प्रश्न : सुई टोचली की कॅन्सर पसरतो का? (कोल्हापूर)

नाही. गाठ कसली आहे हे कळल्याशिवाय उपचार ठरत नाहीत. तपासणी लांबवण्यानं मात्र तो वाढतो.

प्रश्न : वडिलांना जिभेचा कॅन्सर आहे. गाठ लहान आहे, मानेत काही लागत नाही. मुंबईत तयार झालेल्या नव्या पेशी-उपचाराची बातमी वाचली. ऑपरेशन थांबवून तो घ्यावा का? (पुणे)

ऑपरेशन थांबवू नका. तुम्ही वाचलेला उपचार आयआयटी मुंबई आणि टाटा रुग्णालय यांनी मिळून विकसित केला, त्याला ऑक्टोबर 2023 मध्ये मान्यता मिळाली. रुग्णाच्याच टी-पेशी (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) काढून, त्यांना रोग ओळखायला शिकवून परत देतात. अभिमान वाटावा असं काम आहे. पण तो बी-पेशी या दुसऱ्या पांढऱ्या पेशींच्या काही रक्ताच्या कॅन्सरांसाठी आहे, जिभेसाठी नाही.

वडिलांना उपयोगी पडेल ती माहिती दुसरी आहे. मानेत गाठ लागत नसतानाही जिभेच्या ऑपरेशनबरोबरच मानेतल्या गाठी (काखेतल्यासारख्याच लसीका ग्रंथी) काढाव्यात की नंतर लागल्या तरच काढाव्यात, हा जुना वाद होता. टाटाच्या डॉ. अनिल डिक्रूझ यांच्या गटानं तो 2015 मध्ये निकाली काढला : आधीच काढल्या तर तीन वर्षांनी 80 टक्के रुग्ण जिवंत, थांबलं तर 67.5 टक्के. काखेत कमी करणं बरं ठरलं, मानेत मात्र जास्त. म्हणून सर्जनना हा एक प्रश्न विचारा : ‘त्याच वेळी मानेतल्या गाठीही काढणार का?’ आणि तंबाखू ऑपरेशनच्या तारखेची वाट न पाहता आजच बंद करा.