कृषी केंद्राचे हिशेब क्लाउडवर ठेवावेत का? कॉम्प्युटरवाला म्हणतो, सगळं मी बसवून देतो

तुम्ही लिहिलंय की तालुक्याच्या गावी तुमचं कृषी केंद्र आहे, जोडीला छोटी दाल मिल. गावातला कॉम्प्युटरवाला गूगल वर्कस्पेस (म्हणजे धंद्यासाठीचं गूगलचं पैसे देऊन घ्यायचं मेल आणि ड्राइव्ह), स्टोरेज, अँटिव्हायरस सगळं बसवून देतो म्हणतो आणि वर्षाचे एकरकमी पैसे मागतो. घ्यावं का, की जीमेलसोबत मिळणारं फुकटचं १५ जीबी पुरे, की मायक्रोसॉफ्टचं बरं, असा प्रश्न आहे.

घ्या. पण त्याच्या नावावर घेऊ नका. गूगल की मायक्रोसॉफ्ट हे नंतर पाहू. आधी खातं कोणाच्या नावाचं आणि ओटीपी कोणाच्या मोबाईलवर येणार, ते ठरवा. वावर घेताना सातबारा कोणाच्या नावावर आहे ते आपण आधी पाहतो, माती नंतर. इथंही तसंच.

हे मी एवढ्या ठामपणे का म्हणते ते सांगते. आमचं दुकान यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याकडच्या एका बाजाराच्या गावात. बियाणं, खत, औषधं. मी लग्न होऊन आले तेव्हा सगळा कारभार मामाजींच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, लाल चोपडीत आणि भासऱ्यांच्या, म्हणजे मोठ्या दिरांच्या, डोक्यात होता. मी बी.कॉम., त्यामुळे हिशेबाचं सॉफ्टवेअर टॅली माझ्याकडे आलं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये कंपन्यांची बिलं, उगम प्रमाणपत्रं (माल कोणत्या कंपनीकडून आला याचे दाखले), दरपत्रकं सगळं मेलवर यायला लागलं आणि दुकानाच्या नावाचं एक जीमेल उघडावं लागलं. ते उघडलं आमच्याकडच्या पोराने. काउंटरवर बसायचा, एमएससीआयटी झालेला, हुशार आणि मनाने अगदी चांगला. मामाजींकडे साधा बटणाचा फोन, म्हणून त्याने स्वतःचा नंबर टाकला.

मी त्याच दिवशी म्हटलं होतं की नंबर मामाजींचाच टाका, ओटीपी बटणाच्या फोनवरही येतो. भासरे म्हणाले, "बाबाईले ओटीपी कोन वाचून दाखवन? अन् तो पोरगा काही परका हाये का? घरचाच तं हाये." घरात मोठ्यांपुढे सुनेनं किती बोलायचं याला मर्यादा असते. विषय तिथेच थांबला.

पुढं पोराला पुण्यात कंपनीत नोकरी लागली. चांगलं झालं, आम्ही सगळ्यांनी त्याला आनंदाने पाठवलं. तिकडं त्याने नवीन सिम घेतलं, जुन्यात रिचार्ज मारला नाही, नंबर बंद पडला. बंद झालेला नंबर कंपनी किमान ९० दिवस राखून ठेवते आणि मग दुसऱ्या गिऱ्हाइकाला देते, हे गावात कोणाला माहीत असतं?

मृग लागला. तुम्हाला तो काळ सांगायला नको. सकाळी सातला शटर उघडायच्या आधी कास्तकार बाहेर उभे असतात, सोयाबीनच्या थैल्या उतरत असतात, कोणी बीटी मागतो, कोणी डीएपी. अशात दुकानाचा कॉम्प्युटर अडकायला लागला म्हणून कॉम्प्युटरवाल्याने विंडोज नव्याने टाकून दिलं. जीमेलमधून आपण बाहेर. पासवर्ड आम्हाला पाठ होता, कॅलेंडरवर लिहिलेलाही होता. पासवर्ड बरोबर टाकला तरी गूगल म्हणे, नोंदवलेल्या नंबरवर कोड पाठवलाय, तो टाका. नंबर त्या पोराचा, जो आता त्याचा राहिलेला नव्हता.

आणि दुसऱ्या दिवशी तालुका कृषी कार्यालयाचे निरीक्षक तपासणीला येणार असा निरोप. त्या वर्षीच्या नव्या बियाण्याची उगम प्रमाणपत्रं कागदावर काढलेली नव्हती, मेलमध्येच होती. साठा रजिस्टर जुळतं होतं, पण प्रमाणपत्र दाखवता आलं नाही तर विक्री बंदचा आदेश मिळू शकतो. ऐन पेरणीत.

मी त्या नंबरवर फोन लावला. परभणीकडच्या एका माणसाने उचलला. त्याला सगळं समजावलं की भाऊ, तुमच्या मोबाईलवर आत्ता एक कोड आला असेल, तो आमच्या दुकानाचा आहे, वाचून दाखवा. तो म्हणाला, "ताई, ओटीपी कोणाला सांगू नका म्हणून बँकवाले रोज सांगतात. मी नाही सांगणार." फोन ठेवून दिला. त्याचं बरोबर होतं. त्याच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं. पण भासरे दिवसभर त्या अनोळखी माणसाला बोल लावत होते, गूगलला बोल लावत होते, पुण्याच्या पोराला बोल लावत होते.

वाचलो ते गोडाऊनमधल्या जुन्या लॅपटॉपमुळे. वजनकाट्याच्या पावत्यांसाठी तो तिथं पडून असायचा, बॅटरी गेलेली, चार्जर लावलेलाच ठेवावा लागायचा. त्याच्या क्रोममध्ये ते खातं अजून उघडं होतं. पासवर्ड किंवा नंबर बदलायला गेलं की तो पुन्हा कोड मागे, म्हणून त्या पानांना हातच लावला नाही. मोबाईलचा हॉटस्पॉट लावून रात्रभर बसले आणि एकेक फोल्डर उतरवून घेतलं. लाईट गेली असती तर लॅपटॉप बंद पडला असता. त्या रात्री नाही गेली. सकाळी प्रमाणपत्रांच्या प्रिंट काढल्या, तपासणी झाली, आदेश वगैरे काही आला नाही.

आता खरी भांडणाची गोष्ट. तेव्हापासून प्रत्येक लग्नात, प्रत्येक तेरवीत भासरे लोकांना सांगतात, "क्लाउडनं आमाले बुडवलं असतं. आपला माल आपल्या गोडाऊनात पाह्यजे." ऐकणारे माना डोलावतात. आमच्या दोन नातेवाइकांनी तेवढ्यावरून सगळं पेन ड्राइव्हवर परत नेलं. मला हे सोसत नाही. क्लाउडने एक कागद हरवला नव्हता. सगळं जसंच्या तसं होतं, फक्त दाराची किल्ली आपण दुसऱ्याच्या खिशात ठेवली होती. आणि गूगलने आम्हाला अडवलं ते योग्यच केलं. पासवर्ड तर कॅलेंडरवर होता, दुकानात येणारा कोणीही वाचू शकत होता. नुसत्या पासवर्डवर आत सोडलं असतं तर आमच्या उधारीचं खातं कोणीही उघडून पाहिलं असतं.

पुढच्या पावसाळ्यात वीज कडाडली, दुकानाच्या कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय आणि हार्ड डिस्क दोन्ही जळाले. टेबलाच्या खणातला भासऱ्यांचा पेन ड्राइव्ह उघडेना. क्लाउडवर टॅलीचा आदल्या संध्याकाळचा बॅकअप होता. दुसऱ्या लॅपटॉपवर तो चढवला आणि दुपारच्या आत बिलं सुरू झाली. हे मात्र तेरवीत कोणी सांगत नाही.

तुमच्या कॉम्प्युटरवाल्याला म्हणूनच सांगा की बसवायचे पैसे घे, पण डोमेन, म्हणजे दुकानाच्या नावाचा इंटरनेटवरचा पत्ता, आमच्या नावाने, आमच्या मेलवरून, आमच्या कार्डाने घ्यायचं. वर्कस्पेसमध्ये ॲडमिन नावाचं एक मालकी खातं असतं. तो ॲडमिन मालकच हवा, आणि घरातला दुसरा भरवशाचा माणूस दुसरा ॲडमिन. कॉम्प्युटरवाल्याला काम करायला वेगळं खातं द्या आणि काम झालं की बंद करा. पैसे देण्यामागचं खरं कारण हेच आहे. फुकटच्या जीमेलमध्ये माणूस गेला की खातं त्याच्यासोबत जातं. वर्कस्पेस किंवा मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये तुम्ही त्याचा पासवर्ड बदलता, त्याच्या फाइल दुसऱ्याच्या नावे करता, तो बाहेर. डोमेनचं नूतनीकरण मात्र लक्षात ठेवा, ते चुकलं तर सगळे मेल बंद. बिल तुमच्या जीएसटी नंबरवरच घ्या.

१५ जीबी पुरतं का? नुसत्या बिलांना पुरतं. पण ते १५ जीबी मेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून असतं, आणि २०२४ पासून ॲन्ड्रॉइडवरच्या व्हॉट्सॲपचा बॅकअपही त्यातच मोजला जातो. दुकानाच्या व्हॉट्सॲपवर कास्तकार बोंडअळीचे, पिवळ्या पडलेल्या सोयाबीनचे फोटो आणि व्हिडिओ पाठवत असतात. जागा भरली की नवीन मेल येणंच थांबतं, आणि कंपनीचं बिल आलं नाही हे तुम्हाला महिन्याने कळतं. वर्कस्पेसच्या सगळ्यात लहान योजनेत माणशी ३० जीबी आहे. मायक्रोसॉफ्टच्या बिझनेस बेसिकमध्ये माणशी १ टीबी वनड्राइव्ह मिळतं. एक्सेलवर हात बसलेला असेल तर मायक्रोसॉफ्ट घ्या, काही बिघडत नाही. आम्ही गूगलचं घेतलं कारण मामाजींनाही आता मोबाईलवर उधारीची शीट उघडता येते.

ओटीपीबद्दल एक गोष्ट आपल्या भागासाठी फार महत्त्वाची. वादळवारा आला की टॉवर जातो आणि एसएमएस येत नाही. म्हणून पासवर्डनंतरची दुसरी पायरी ऑथेंटिकेटर ॲपवर ठेवा, ते कोड मोबाईलमध्येच तयार करतं. त्यातला आकडा दर ३० सेकंदांनी बदलतो आणि त्याला ना नेट लागतं ना रेंज. शिवाय गूगल १० बॅकअप कोड देतं, ते प्रिंट काढून तिजोरीत, परवान्यांच्या फाइलमध्ये लावा. आमचे तिथेच आहेत. माल वाहतुकीच्या ई-वे बिलाच्या पोर्टलवर तर १ एप्रिल २०२५ पासून ही दुहेरी पडताळणी सगळ्यांनाच आहे. तुमच्या मिलची डाळ बाहेर जात असेल तर हे तुमच्यापर्यंत आलंच असेल. तिथे आणि जीएसटी पोर्टलवर कोणाचा मोबाईल लागलाय ते आजच उघडून पाहा. अर्ध्याअधिक दुकानदारांचा तिथं हिशेबनिसाचा नंबर असतो, असं माझं आजूबाजूचं पाहणं आहे. हिशेबनिसाशी भांडण नको, पण नंबर आपला हवा.

टॅलीचं चालू फोल्डर ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हच्या सिंक फोल्डरमध्ये, म्हणजे ज्यातला प्रत्येक बदल आपोआप क्लाउडवर जातो त्यात, ठेवू नका. कॉम्प्युटरवाले सर्रास ठेवतात. काम चालू असताना सिंक फाइल धरते आणि डेटा खराब होतो. टॅली नेहमीच्या जागी ठेवा, संध्याकाळी दुकान बंद करताना बॅकअप काढा आणि तो बॅकअप वर जाऊ द्या. सिंकलाच बॅकअप समजू नका. इथलं पुसलं की तिथलंही पुसलं जातं. गूगल ड्राइव्हच्या कचरापेटीत फाइल ३० दिवस राहते, पुढं नाही. रॅन्समवेअर, म्हणजे फाइल कुलूपबंद करून पैसे मागणारा व्हायरस, आलं तर कुलूपबंद झालेल्या फाइलसुद्धा इमानेइतबारे वर चढतात. म्हणून एक बाहेरची हार्ड डिस्क हवीच, आणि ती कायम लावून ठेवायची नाही. आठवड्यातून एकदा लावा, कॉपी करा, काढून घरी न्या.

म्हणजे भासऱ्यांचं अर्धं खरं आहे, एक कॉपी आपल्या घरात हवीच. मी हे त्यांना तोंडावर सांगितलंय. दादा, हे वाचत असाल तर पुन्हा सांगते: तुमच्या गोडाऊनला माझा विरोध कधीच नव्हता. एकाच गोडाऊनला होता.

अँटिव्हायरससाठी वेगळे पैसे देऊ नका. विंडोजमध्ये डिफेंडर आहे, तो चालू आणि विंडोज अपडेट ठेवलं की आपल्यासारख्या दुकानाला पुरतं. नकली विंडोज मात्र काढून टाका, ते कॉम्प्युटरवालेच टाकून देतात. तुमच्या कॉम्प्युटरवर विंडोज ७ असेल तर त्याचे सुरक्षा अपडेट जानेवारी २०२० मध्येच थांबलेत.

कास्तकारांच्या आधारचे फोटो ड्राइव्हवर साठवू नका. खताच्या पॉस मशीनवर अंगठा लागतो, फोटोची गरज नाही. उधारीची शीट "लिंक असलेला कोणीही" अशी शेअर करून ग्रुपवर टाकू नका. कोणाकडे किती बाकी आहे हे गावभर होणं म्हणजे त्या माणसाची अब्रू जाणं, आणि आपल्या विश्वासावर त्याने ती उधारी घेतलेली असते. जुनी बिलं मात्र पुसू नका, जीएसटीची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. कोणी फसवून पैसे काढलेच तर लगेच १९३० वर फोन करा, जितका उशीर तितकं परत मिळणं कठीण.

हे सगळं आमच्यासारख्या, म्हणजे चार-पाच माणसांच्या दुकानाला धरून लिहिलंय. तुम्ही एकटेच असाल आणि मिल अजून हंगामापुरतीच चालत असेल, तर आत्ता फुकटचं खातंही चालेल, फक्त नंबर तुमचा आणि खातं अडकलं तर वापरायचा दुसरा मेल घरातल्या माणसाचा टाका. मिल प्रायव्हेट लिमिटेड असेल तर हिशेबाच्या बॅकअपचे कंपनी कायद्याचे नियम वेगळे आहेत, रोजचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर लागतो, ते सीएला विचारून घ्या.

कॉम्प्युटरवाल्याला पैसे द्यायच्या आधी एवढं विचारा: डोमेन कोणाच्या नावावर येईल आणि ॲडमिनचा ओटीपी कोणाच्या मोबाईलवर? तो काय म्हणाला ते इथे लिहा, मी वाचून सांगते.