पंधरा वर्षांत टेस्ट फक्त 19? (वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं)

प्रश्न: कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी मी पुण्याच्या क्रिकेटपटू शुभांगी कुलकर्णी घेतल्यात. करिअर 1976 ते 1991 आणि टेस्ट फक्त 19, वनडे 27. मधे त्या टीमबाहेर होत्या का? मग एवढ्या मोठ्या खेळाडू कशावरून म्हणतात?
– विद्यार्थिनी, सदाशिव पेठ

उत्तर: टीमबाहेर नव्हत्या गं, मॅचच नव्हत्या! तुझ्या प्रोजेक्टचा खरा विषय हाच आहे म्हणून जरा सविस्तर सांगते.

1976 ला वेस्ट इंडीजच्या बायकांची टीम आली, 31 ऑक्टोबरला बंगलोरला आपली पहिली अधिकृत टेस्ट सुरू झाली, कॅप्टन शांता रंगास्वामी, आणि त्या पहिल्याच अकरा जणींत आपली 17 वर्षांची पुणेकर लेगस्पिनर. त्या सिरीजला सहा टेस्ट झाल्या, पाटण्याची आपण जिंकली. मग जानेवारी 1977 मधे न्यूझीलंडला एक, ऑस्ट्रेलियात एक, आणि त्यानंतर थेट 1984! सात वर्षं भारताच्या बायकांना एकही टेस्ट मिळाली नाही. सतराव्या वर्षी सुरुवात केलेली मुलगी चोवीस वर्षांची झाली तेव्हा कुठे पुढची. 1984 ला ऑस्ट्रेलियाशी चार, 1985 ला न्यूझीलंडशी तीन, 1986 ला इंग्लंडमधे तीन, परत मोठी गॅप आणि 1991 ला ऑस्ट्रेलियात तीन. बेरीज कर, 21 होतात. त्यातल्या 19 शुभांगीताई खेळल्या. म्हणजे नुसता 19 आकडा लिहू नकोस, 21 पैकी 19 असं लिही, वाचणाऱ्याला लगेच कळेल.

आणि विकेटा 60. डायना एडलजींच्या 20 टेस्टमधे 63, तो आजही आपला रेकॉर्ड, आणि त्यांच्या खालोखाल शुभांगीताईच. तीन टेस्टला कॅप्टनही होत्या, 1985 ला अर्जुन पुरस्कार मिळाला. वनडेचं चित्रही तसंच, 1978 चा वर्ल्ड कप आपल्याकडेच झाला, 1982 चा न्यूझीलंडला, आणि 1988 ला आपली टीम गेलीच नाही. ऐन भरात असलेल्या मुलींचा एक अख्खा वर्ल्ड कप गेला, याचं मला आजही फार वाईट वाटतं.

पुण्याचा धागा सोडू नकोस हं. 1973 ची पहिली आंतरराज्य महिला स्पर्धा पुण्यातच झाली, मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश अशा तीनच टीम. 1975 ला ऑस्ट्रेलियाची 25 वर्षांखालची टीम आली तेव्हाही पुणे, दिल्ली, कलकत्ता अशा तीन मॅच होत्या. रिझर्व्हेशन नसलेल्या डब्यातून प्रवास, डॉर्मिटरीत मुक्काम, असं त्या पिढीतल्या कित्येक जणींनी सांगितलंय. महिला क्रिकेट तेव्हा वेगळी संघटना चालवायची आणि तिच्याकडे पैसा नव्हता. 2006 ला ती बीसीसीआयमधे विलीन झाली तेव्हा तिच्या सेक्रेटरी शुभांगीताईच होत्या, हा भाग बहुतेक लोक गाळतात, तू गाळू नकोस. माझ्या मते हे काम त्यांच्या 60 विकेटांइतकंच मोठं आहे, कारण ऑक्टोबर 2022 ला मॅच फी पुरुषांइतकी झाली, टेस्टला 15 लाख, वनडेला 6, टी-ट्वेंटीला 3, ते बीसीसीआयच्या छताखाली आल्यामुळेच शक्य झालं.

प्रश्न: मुलगी 14 वर्षांची, लेगस्पिन टाकते. मुलींची बॅच जवळ नाही म्हणून मुलांबरोबर पाठवते. सर म्हणतात बॉल हळू येतो, मिडियम पेस टाक. काय करू?
– एक आई, कर्वेनगर

उत्तर: लेगस्पिन सोडायला लावू नका प्लीज! या वयात मनगट अजून तयार होत असतं, आधी बॉल वळू दे, हवेत राहू दे, वेग नंतर येतो. मुलांबरोबर खेळण्यात काहीच वाईट नाही, फक्त एक बघा, ती कुठला बॉल टाकतेय. बायकांच्या क्रिकेटचा बॉल 140 ते 151 ग्रॅमचा असतो, पुरुषांचा साधारण 156 ते 163. रोज जड आणि मोठा बॉल टाकून ग्रिप बिघडू शकते, म्हणून बायकांचा बॉल विकत घेऊन तिच्या किटमधे ठेवा आणि नेट्समधे तोच टाकू द्या असं सरांना स्पष्ट सांगा. मुलींसाठी आता 15 वर्षांखालच्या राज्यांच्या टीमसुद्धा असतात, तेव्हा महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनच्या निवड चाचण्या कधी आहेत यावर आत्तापासून लक्ष ठेवा, आणि फॉर्मला जन्मदाखला लागतो तो आधीच काढून ठेवा.