फिलिपिन्समध्ये लोक आधीच कॅथलिक आहेत, मग तिथे गेलेला तरुण मिशनरी नक्की करतो काय?

तुम्ही विचारलंय म्हणून लिहितो. तुमचा धाकटा भाऊ सेमिनरीत, म्हणजे फादर होण्याच्या शिक्षणाला, आहे, त्याला मिशनच्या अनुभवासाठी फिलिपिन्सला पाठवणार आहेत आणि घरात सगळ्यांना एकच प्रश्न पडलाय की तिथे जिकडे तिकडे कॅथलिकच आहेत तर हा जाऊन करणार काय, आणि ही आध्यात्मिक वाढ वगैरे जे म्हणतात ते खरंच काही असतं का. मी वसईचा. २०१६ साली, म्हणजे ब्रदर होतो तेव्हा, फादर व्हायच्या बऱ्याच आधी, मला फिलिपिन्समधल्या लेते बेटावर पाठवलं होतं. त्यामुळे जे बघितलं तेच सांगतो, पुस्तकातलं नाही.

कॅथलिक आहेत हे खरं. २०२० च्या जनगणनेत जवळजवळ ७९ टक्के लोकांनी कॅथलिक म्हणून नोंद केलीय आणि १५२१ साली मॅगेलन या दर्यावर्दीच्या जहाजावरच्या फादरांनी ईस्टरच्या दिवशी मिस्सा (फादरच करू शकतात ती मुख्य उपासना) केली तिथपासूनचा इतिहास आहे. पण आपण वसईवाले कॅथलिक म्हटलं की आपल्या गावासारखं चित्र डोळ्यापुढे आणतो, रोज सकाळी मिस्सा, हाकेच्या अंतरावर चर्च, फादर दारात आले की खुर्ची पुढे. तिथे तसं नाही. एका पॅरिशखाली, म्हणजे एका मुख्य चर्चच्या हद्दीत, ढीगभर बरांगाय असतात, बरांगाय म्हणजे आपल्या वाडी किंवा छोट्या गावासारखं, प्रत्येकात एक चॅपेल म्हणजे छोटं प्रार्थनाघर, आणि फादर एक किंवा दोन. काही चॅपेलमध्ये महिन्यातून एकदा मिस्सा, आणि डोंगराकडच्या काही ठिकाणी तर गावच्या संताच्या सणालाच. मग बाकीचे दिवस? बाकीचे दिवस लोक स्वतःच सगळं करतात. कोणीतरी बाई, बहुतेक वेळा पन्नाशीच्या पुढची, चावी तिच्याकडे, घंटा ती वाजवणार, रोझरी म्हणजे माळेची प्रार्थना ती सुरू करणार, मुलांना धर्मशिक्षण ती देणार, मेलेल्याच्या घरी नऊ दिवसांची प्रार्थना तीच चालवणार. तुमचा भाऊ जाईल तो अशा बाईच्या हाताखाली काम करायला जाईल, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

आम्हाला सुरुवातीला मनिलाजवळ टागालोग शिकवली आणि मग लेतेला गेलो तर तिथे पूर्व किनाऱ्यावर वाराय बोलतात, म्हणजे पुन्हा पहिलीपासून. त्या काळात धड दोन वाक्यं बोलता येत नाहीत, प्रवचन नाही, सल्ला नाही, सेमिनरीत शिकलेलं तत्त्वज्ञान सगळं आतल्या आत. खुर्च्या लावायच्या, फळा पुसायचा, हबाल-हबालवर म्हणजे भाड्याच्या मोटरसायकलवर मागे बसून चिखलातून कुठेतरी जायचं, पावसात भिजायचं, लहान मुलांकडून उच्चार दुरुस्त करून घ्यायचे.

आणि एक गोष्ट कोणी आधी सांगत नाही ती मी सांगतो. फिलिपिन्सच्या गावात भारतीय माणूस म्हणजे व्याजाने पैसे देणारा. तिथे भारतीयाला बुंबाय म्हणतात, बहुतेक पंजाबी लोक आहेत, मोटरसायकलवर फिरून पाच दिले की सहा परत घेतात, आणि मच्छी विकणाऱ्या बायका, छोटी दुकानं यांना बँक दारात उभं करत नाही म्हणून त्यांचंही यांच्याशिवाय चालत नाही. मी पहिल्यांदा एका वस्तीत गेलो तर एका घरातली बाई मागच्या दाराने निघून गेली आणि पोराला पुढे केलं, आई घरी नाही सांगायला. सोबत चॅपेलच्या मना होत्या (मना म्हणजे ताई, वारायमध्ये मोठ्या बाईला असंच म्हणतात), त्यांनी ओरडून सांगितलं, अगं हा ब्रदर आहे, वसुलीवाला नाही. मला त्या दिवशी रात्री झोप लागली नाही. वाईट वाटलं म्हणून नाही, तर त्या घरात कोणाचंही पाऊल वाजलं की पहिला विचार कर्जाचा येतो हे मला तोपर्यंत कळलंच नव्हतं, आणि ‘आमची ऋणं आम्हास सोड’ ही प्रभूच्या प्रार्थनेतली ओळ मी लहानपणापासून रोज म्हणत आलोय. त्यानंतर ती ओळ मला घाईघाईत म्हणता आलेली नाही, आजही नाही.

आता लेतेबद्दल थोडं. ८ नोव्हेंबर २०१३ ला तिथे योलांडा वादळ आलं, जगात ज्याला हैयान म्हणतात ते. सरकारी आकडा ६,३०० मृतांचा, आणि त्यातले बरेचसे ताक्लोबान, पालो, तानावान या किनाऱ्याच्या पट्ट्यातले, वाऱ्याने नाही तर समुद्र आत घुसल्यामुळे गेलेले. मी गेलो तेव्हा तीन वर्षं होत आली होती. घरांवर नवे पत्रे होते, नारळाची झाडं मात्र लाखोंनी आडवी झाली होती आणि नारळ लावला की पीक यायला सहा-सात वर्षं जातात, त्यामुळे खोबऱ्यावर जगणारी कुटुंबं अजून मधल्या काळातच अडकली होती. किनाऱ्यावरच्या कोळ्यांना ताक्लोबान शहराच्या उत्तरेला नव्या वसाहतीत घरं दिली, सिमेंटची, चांगली, पण समुद्र लांब, पाण्याची बोंब, आणि रोज होडीपर्यंत जायलाच भाडं. वसईच्या कोळीवाड्यातल्या कोणालाही विचारा, होडीपासून लांब घर म्हणजे काय ते तो लगेच सांगेल.

पालोच्या दक्षिणेला एका गावात एक तातय होते, तातय म्हणजे बाबा. वादळात बायको आणि दोन नातवंडं गेली. चॅपेलचं छप्पर त्यांनीच पुन्हा घातलं, घंटेचा दोर तेच बदलायचे, पण मिस्सा किंवा रोझरी सुरू झाली की बाहेर बदामाच्या झाडाखाली जाळं घेऊन बसायचे, आत पाऊल नाही. मी पंचविशीच्या आतला, सेमिनरीतून आलेला, मला वाटायचं की याला आत आणणं हेच तर माझं काम. चॅपेलच्या मना मला बाजूला घेऊन म्हणाल्या, ब्रदर, त्याला बोलवू नका, तो भांडतोय, त्याला भांडू द्या, तुम्हाला बसायचं तर त्याच्याजवळ जाऊन बसा. मग मी बसायला लागलो. आतून माळेचा आवाज यायचा, बाहेर आम्ही दोघं, ते जाळं शिवायचे, मी दोरा धरायचो. काही आठवडे तर मी मनात उत्तरं तयार करत असायचो, बायबलमधलं दुःख भोगणाऱ्या ईयोबाचं पुस्तक, दुःखाचं रहस्य, सगळं. हळूहळू ती उत्तरं यायची बंद झाली. आणि खरं सांगतो, त्या झाडाखाली माझी प्रार्थना बदलली. आधी मी देवाची बाजू मांडायचो, लोकांपुढे आणि स्वतःच्या मनातही, म्हणजे देवाला कोणीतरी वकील लागतो असं धरून चालायचो. तिथे मी नुसतं बसायला शिकलो, देवाजवळ आणि त्या माणसाजवळ एकाच वेळी, कोणाचीही बाजू न घेता. मी परत यायला निघालो तेव्हाही तातय बाहेरच बसत होते.

पोप फ्रान्सिस १७ जानेवारी २०१५ ला ताक्लोबानला आले होते, विमानतळावर भर वादळी पावसात मिस्सा, अंगात बाकीच्यांसारखाच पिवळा रेनकोट. लोक अजून त्याबद्दल बोलतात, पण रेनकोटपेक्षा जास्त बोलतात ते याबद्दल की त्यांनी लिहून आणलेलं प्रवचन बाजूला ठेवलं आणि तुमचं सगळं गेलंय, तुम्हाला काय सांगावं मला कळत नाही अशा अर्थाचं बोलले. मी हे तिथे जायच्या आधी वाचलं होतं आणि पुढे गेलो होतो. तातयजवळ बसल्यावर समजलं की लोकांनी तेवढंच का धरून ठेवलंय.

मयताच्या घरचं पण सांगायला पाहिजे कारण तुमच्या भावाच्या कितीतरी रात्री तिथेच जातील. आपल्याकडे सकाळी गेला तर संध्याकाळपर्यंत माती. तिथे आठवडाभर मयत घरात ठेवतात, औषध भरून, कारण मुलगी दुबईत असते, मुलगा जहाजावर असतो, रजा आणि तिकीट मिळून यायला वेळ लागतो. तेवढे दिवस, तेवढ्या रात्री, शवपेटीजवळ कोणी ना कोणी जागं. बाहेर ताडपत्रीखाली टेबलं, कॉफी, बिस्किटं, आणि पत्ते. हो, पैसे लावून पत्ते. नवीन माणसाला हे खटकतंच, पण जिंकणारा प्रत्येक डावातला वाटा मयताच्या घरी देतो, त्यातून पेटीचा आणि जेवणाचा खर्च निघतो, आणि पत्त्यांमुळे माणसं पहाटेपर्यंत थांबतात, घरच्यांना एकटं वाटत नाही. दर रात्री ठरलेल्या वेळी पत्ते खाली, सगळे उठून रोझरी, मग पुन्हा पत्ते. मी प्रार्थना आणि जगणं यांच्यात एक भिंत घेऊन गेलो होतो, देवळातला आवाज वेगळा, अंगणातला वेगळा. त्या अंगणात ती भिंत राहिली नाही. देव कुठे संपतो आणि शेजारधर्म कुठे सुरू होतो हे तिथे कोणी विचारत नाही आणि मलाही विचारावंसं वाटेनासं झालं.

डिसेंबरमध्ये १६ ते २४ तारखेपर्यंत पहाटे मिस्सा असते, साधारण चार वाजता, अंधारात. जिथे फादर पोचू शकत नाहीत तिथे लोक पॅरिशच्या चर्चपर्यंत चालत येतात, पोरं खांद्यावर, हातात टॉर्च, आणि मिस्सा सुटली की बाहेर गरमागरम बिबिंका म्हणजे तांदळाचे केक, खाली कोळसा वर कोळसा. नऊच्या नऊ दिवस. त्यातले कोळी तिथून सरळ होडीवर जातात. सेमिनरीत पहाटेची प्रार्थना मला नियम म्हणून जड जायची, तिथे पहिल्यांदा ती हवीहवीशी वाटली, आणि याला कारण कुठलंही ध्यान वगैरे नाही, कारण ती गर्दी.

लोक मला विचारायचे, तू भारतीय आणि कॅथलिक कसा? मग मी त्यांना आपल्या संत गोन्सालो गार्सियांची गोष्ट सांगायचो. वसईत जन्म, व्यापाराच्या निमित्ताने मनिलाला, तिथेच फ्रान्सिस्कन या धर्मसंघात ब्रदर झाले, जपानी भाषा येत होती म्हणून १५९३ मध्ये मनिलाहून जपानला गेले आणि ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीला क्रुसावर हुतात्मा झाले. त्यावर ते लगेच म्हणायचे, आमचे संत लोरेन्सो रुईझही नागासाकीलाच, बरोबर ४० वर्षांनी, १६३७ ला. आणि पेद्रो कालुंगसोद, तो तर विसाया या बेटांच्या भागातला, आमच्याच बाजूचा पोरगा, १६७२ साली गुआममध्ये मारला गेला तेव्हा विशीतही नव्हता, २०१२ मध्ये संत झाला. एकदा चॅपेलमध्ये मुलांसाठी या तिघांची चित्रं काढताना माझ्या लक्षात आलं की तिघांपैकी एकही फादर नव्हता. एक शेवटपर्यंत ब्रदर, एक बायको-मुलं असलेला कारकून, एक धर्मशिक्षण देणारा पोरगा. माझ्या डोक्यात मात्र लहानपणापासून वेदी, झगा, आणि लोक उभे राहून मान देतायत हेच होतं, देवाची हाक आणि तो मान मी एकच समजत होतो. लेतेने ते दोन वेगळे केले. फादर मी नंतर झालोच, पण त्या मना ताईंसारखं चॅपेल सांभाळता आलं पाहिजे अशा इच्छेने झालो, आणि आज जिथे काम करतो तिथे वाडीतल्या बायांच्या हातात चावी देताना मला काही गमावल्यासारखं वाटत नाही.

सगळं गोड नसतं हेही लिहितो. एकटेपणा येतो, आणि तो गर्दीतच जास्त येतो कारण तिथे माणसाला एकटं कोणी सोडत नाही आणि तरी आपली भाषा बोलणारं कोणी नसतं. वादळाचा सिग्नल लागला की किनाऱ्यावरच्या लोकांचे चेहरे बदलतात, ते बघून आपलंही पोट आत जातं. बरोबरचे काही जण तिथूनच सेमिनरी सोडून घरी गेले, आणि त्यातला एक आज जितका प्रार्थनाशील आहे तितके फादर मी कमी बघितलेत, त्यामुळे भावाने तसा निर्णय घेतला तर मिशन वाया गेलं असं घरात कोणी म्हणू नका.

घरच्यांसाठी एवढंच की तिथली वेळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे असते, लोक लवकर झोपतात, तेव्हा फोन संध्याकाळी लवकर करा. आईला सांगा भात, मासे, नारळ, सुकी मच्छी सगळं मिळतं, फक्त तिखट नाही, म्हणून घरचा मसाला जरूर द्या. आणि फोनवर रोज ‘आज काय काम केलंस’ असं विचारू नका, बऱ्याच दिवशी त्याच्याकडे सांगण्यासारखं काम नसेल आणि त्याला उगाच अपराधी वाटेल. कोणाच्या घरी जेवलास, कोण आजारी आहे, कोणाचा मुलगा परदेशातून आला, असं विचारा, मग तो तासभर बोलेल.