धोरण : दुडक्या चालीचा शब्द

कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या एका फौंड्रीतल्या वाचकाचा प्रश्न आहे. साहेबांनी नोटीस मराठीत काढायला सांगितलीय, तर 'स्ट्रॅटेजी इम्प्लिमेंट करणे' याला 'रणनीती राबवणे' म्हणावं की 'व्यूहरचनेची अंमलबजावणी'?

दोन्ही नकोत. 'रणनीती' ऐकून ऐकून कान किटलेत. नगरसेवकाची रणनीती, दूध संघाची रणनीती, क्लासवाल्यांकडं तर दहावीच्या भूगोलाचीही रणनीती! रण कुठाय यात? आणि व्यूह म्हटल्यावर मराठी माणसाला पहिला आठवतो तो अभिमन्यू. आत शिरला तो बाहेर आलाच नाही. कामगारांनी रोज वाचायच्या फळ्यावर असला शब्द कशाला?

'डावपेच' सुचवणारेही भेटतात. निदान कोल्हापुरात राहून तरी हे करू नका. ढाक, धोबीपछाड हे डाव. समोरच्यानं हात कुठं टाकला त्यावर क्षणात सुचायचे. यंदा कुठल्या जोडीला हो म्हणायचं, कुठली कुस्ती सोडायची, खुराक आणि मेहनत कधी वाढवायची, हे वस्ताद वर्षभर बघतो. त्याला तालमीत कुणी डावपेच म्हणत नाही. (पेच फारसी. मूळ अर्थ पीळ. शिरपेचातला आणि पेचप्रसंगातला पेच एकच.)

आपला शब्द आहे धोरण. अमरकोशात वाहनाचे पर्याय सांगताना ओळ येते : 'सर्वं स्याद्वाहनं यानं युग्यं पत्रं च धोरणम्'. म्हणजे धोरण हे वाहन! संस्कृतात धोरण म्हणजे घोड्याची दुडकी चालसुद्धा. अमरानं घोड्याच्या पाच गती सांगितल्यात, त्यातली 'धौरितक' याच घरातली. शिवाय 'धोरणि' म्हणजे न तुटणारी रांग, परंपरा. गुजरातीत शाळेच्या इयत्तेला धोरण म्हणतात, म्हणजे आपली दहावी हे त्यांचं दहावं धोरण. आता माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. मराठी धोरणात ही चाल अजून जिवंत आहे. 'त्याच्या बोलण्याचं धोरण मला कळलं' म्हणजे बोलणं कुठल्या दिशेनं चाललंय ते कळलं. त्यानं काही लिहून दिलेलं नसतं. घोडा भरधाव नाही, उभाही नाही. एका लयीत चाललाय, आणि चालीवरूनच कळतं की स्वारी कुठं निघालीय.

आमच्या कट्ट्यावरचे एक कोशभक्त इथं बोट वर करतात : धोरण म्हणजे पॉलिसी, ती जागा भरलीय. अहो, शब्द म्हणजे काय सरकारी खुर्ची आहे, एकदा नेमणूक झाली की दुसऱ्यानं बसायचं नाही? 'बाई मोठी धोरणी' म्हटल्यावर तिनं विमा उतरवलाय असं समजता का? ती पुढचं बघून पावलं टाकते, एवढंच समजता ना? मग झालं.

गंमत म्हणजे व्यवस्थापनशास्त्रवालेही फिरून तिथंच आलेत. कॅनडाचे हेन्री मिंट्झबर्ग 1978 पासून म्हणतायत की स्ट्रॅटेजी म्हणजे एकामागून एक घेतलेल्या निर्णयांत दिसणारा पॅटर्न. काही आधी ठरवलेली असते, काही करता करता उगवते. 1996 मध्ये रिचर्ड व्हिटिंग्टन यांनी पुढं विचारलं की, मॅनेजर मंडळी हे रोज नक्की करतात तरी काय? बैठका, फोन, तक्त्यांत आकडे भरणं, यातूनच स्ट्रॅटेजी घडते, हा त्या विचाराचा गाभा.

फौंड्रीवाल्यांनो, इथं सावध. तुमचा पॅटर्न, म्हणजे ओतायच्या भागाचा नमुना, आधी बनतो, लाकडाचा नाहीतर धातूचा. मग वाळूत साचा, मग ओतकाम. मिंट्झबर्गांचा उलटा. कास्टिंग आधी, पॅटर्न मागून दिसतो.

उद्यमनगरातल्या माझ्या मेहुण्यांचंच बघा. पावसाळ्यात एकदा मोठ्या ऑर्डरचं गाडं अडलं, म्हणून त्यांनी एका गिऱ्हाइकाचे चार बारके नग दोन दिवसांत काढून दिले. पुढच्या महिन्यात त्याच्या ओळखीचा एकजण आला. मग त्याचा भाऊ. रोज सकाळी चहा पिता पिता मेहुणे सुपरवायझरला सांगायचे, 'बारकं आधी घे रं.' तीन वर्षांनी बँकेच्या साहेबांनी विचारलं, तुमची स्ट्रॅटेजी काय? मेहुणे गप्प. शेवटी सुपरवायझर म्हणाला, 'बारकं आधी, साहेब.' कागदावर कधीच नव्हतं, पण धोरण होतंच की!

हां, नोटीस राहिलीच. 'अंमल' अरबी, मूळ अर्थ काम, कृती. 'बजावणी'तला 'बजा' फारसी, म्हणजे जागेवर. दणकट शब्द आहे, पण त्याला कचेरीचा वास येतो. वाचणाऱ्याला समन्स आल्यासारखं वाटेल. 'राबवणे' घ्या. त्यात राबणं आहे, फळा वाचणाऱ्याच्या ते लगेच ध्यानात येईल आणि साहेबांच्याही यावं. धोरण 'आखलं आहे' मात्र लिहू नका, ते पट्टी-पेन्सिलचं काम. मराठीत माणूस धोरण ठेवून वागतो. तेव्हा लिहा : 'तातडीची कामं आधी, असं धोरण ठेवलं आहे, ते सर्व पाळ्यांत राबवावं.' आणि पाळीला शिफ्ट म्हटलंत तरी माझी हरकत नाही.