संकटातून आपल्यातली लपलेली ताकद खरंच बाहेर येते का?

येते, पण लगेच नाही. १२ जुलै १९६१ ला पुण्याजवळचं पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही, आणि पुण्यातल्या नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं. शनिवार पेठेतलं आजीचं बिऱ्हाड वाहून गेलं. कित्येक महिने ती नुसती बसून असायची, असं आई सांगते. हे मुद्दाम लिहितोय, कारण खचणं म्हणजे दुबळेपणा नव्हे. पुढे गोखलेनगरला पूरग्रस्तांच्या वसाहतीत ती शेजारणींचे अर्ज लिहून द्यायला लागली. शिक्षण जेमतेम चौथी. साहेबासमोर उभं राहून ठामपणे बोलता येतं, हे तिला तेव्हा पहिल्यांदा कळलं. तुम्ही आत्ता थकला असाल, तर आधी झोप, जेवण आणि मन मोकळं करायला एक माणूस, एवढंच सांभाळा. मग एखाद्याचं छोटंसं काम हाती घेऊन बघा.